हिरवळीने घेतलेली हरकत

क्लिफर्ड स्टार्की एका जागी स्वस्थ बसलेला चॅपल लेनमध्ये कुणी पाहिला नव्हता. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे माना खाली घालून बसले की हा बाकाशेजारच्या भिंतीवर बोटांनी टकटक करून गिलावा कुठे पोकळ वाजतो ते बघायचा. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केलेला माणूस. सत्तरी उलटल्यावर त्याने थापी खुंटीला टांगली, पण ती बातमी हातांपर्यंत पोहोचली नव्हती. कुणाकडे चहाला गेला तर कप रिकामा व्हायच्या आत त्यांचं करकरणारं दार तरी उचलून बसवायचा, नाहीतर गळका नळ तरी आवळायचा. त्याची बायको एव्हिस म्हणायची, "ह्याला शवपेटीत घालाल तेव्हा आत एक पाना ठेवा. नाहीतर मागायला बाहेर येईल."

घर लहानच होतं. लाल विटांचं, वर दोन खोल्या, खाली दोन, आणि बाजूने जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. पण मागचं परस लांबच लांब. लेनमधल्या सगळ्याच घरांची परसं तशी, पार ओढ्यापर्यंत गेलेली. जुने लोक तिथे बटाटे लावायचे आणि डुक्कर पाळायचे. डुकरं गेली आणि हिरवळी आल्या. उन्हाळ्यात एका रविवारी चर्चच्या छपरासाठी वर्गणी म्हणून लेनमधले सगळे आपापली परसं लोकांना बघायला खुली करतात, तेव्हा चहा-केकचं टेबल नेहमी स्टार्कींकडे लागायचं, कारण लोकांचे पाय शेवटी तिथेच येऊन थांबायचे. फुलं एव्हिसची, हिरवळ क्लिफची. त्या हिरवळीच्या कडा तो असा कापायचा की भिंतीचा कोना वाटावा.

हे सगळं उकरून तिथे घर बांधायचं त्याच्या डोक्यात आलं ते लोर्नासाठी. लोर्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा गॅरेथ, दोन मुली, आणि दोन गल्ल्या पलीकडे भाड्याचं घर. मुली शाळेतून सुटल्या की आधी आजीच्या स्वयंपाकघरात यायच्या, बिस्किटांचा डबा खाली उतरवायच्या आणि मग आपल्या घरी जायच्या. वसंतात घरमालकाने सांगितलं की घर विकायचंय, ऑक्टोबर संपायच्या आत रिकामं करा. गावात दुसरं भाड्याचं घर नव्हतं, आणि जे एक होतं त्याचं भाडं ऐकून गॅरेथ नुसताच हसला. त्याची आई उत्तरेला, गेट्सहेडला. तिकडे घरं स्वस्त आणि भावाच्या गॅरेजमध्ये काम तयार. गेट्सहेड म्हणजे गाडीने अर्धा दिवस. नाताळ, ईस्टर आणि मयती, एवढ्यापुरतीच मग माणसं भेटतात, हे क्लिफने आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं. ती बातमी कळल्यापासून त्याला घास गोड लागेना.

"आपण मागे बैठं घर बांधू," एका सकाळी तो म्हणाला. एव्हिस स्वीट पीच्या वेली काठीला बांधत होती. "तुझं कंबरेचं हाड हे असं. जिना चढतेस तेव्हा तुझा श्वास मला खाली ऐकू येतो. पुढचं घर लोर्नाला देऊ, आपण मागे. मधे फक्त हाकेचं अंतर."

"मागे म्हणजे कुठे?"

"मागे म्हणजे मागेच."

"माझ्या गुलाबांवर, असं म्हण ना सरळ."

"गुलाब हलवता येतात, एव्हिस."

"लोर्नाच्या बारशाला लावलेला गुलाब आहे तो. हलवून बघ, मग तो काय म्हणतो ते ऐक." तिने दोरीची गाठ मारली. मग म्हणाली, "बांध. फुलं काय, कुंडीतही येतात. नातवंडं कुंडीत येत नाहीत."

गॅरेथ मानी माणूस. सासऱ्याच्या घरात वरच्या दोन खोल्यांत कायमचं राहणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पण मागे घर उभं राहतंय आणि ते झालं की पुढचं आपलं, असं नक्की असेल तर वर्षभर वरच्या खोल्यांत काय, कोळशाच्या कोठडीतही राहू म्हणाला. म्हणजे सगळं घोडं गावच्या कौन्सिलच्या परवानगीपाशी अडलं. ती आली तर लोर्ना राहणार. नाही आली तर गेट्सहेड.

नकाशा केनी डफिलच्या पुतण्याने काढून दिला. केनी म्हणजे क्लिफच्या जोडीने उभं आयुष्य छपरं शाकारलेला जुना सोबती. अर्ज गेला, आणि थोड्याच दिवसांत कौन्सिलचा माणूस येऊन घरासमोरच्या दिव्याच्या खांबाला पिवळा कागद बांधून गेला: इथे अमुक बांधायचं आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावी.

आता आमच्या लेनमध्ये कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "छान कल्पना आहे" असं कुणी म्हणालं तर समजावं, त्याला ती आवडलेली नाही. "धाडसी आहे बुवा" म्हणालं तर समजावं, त्याची झोप उडालेली आहे. क्लिफ याच मातीतला, त्यालाही ही भाषा येत होती. पण आपल्या मुलीचा प्रश्न आला की माणसाचे कान त्याला हवं तेच ऐकतात. शेजारचा डेझमंड पर्व्हिस कुंपणावरून म्हणाला, "मी बघितला रे तो कागद. धाडसी आहे हं, क्लिफ. फारच धाडसी." आणि क्लिफ घरात येऊन एव्हिसला म्हणाला, "डेझमंडला आवडलंय."

हा डेझमंड गाडी चालवण्याच्या परीक्षा घ्यायचा. निम्म्या गावाला त्याने एकदा तरी नापास केलं होतं, आणि एकाच्याही बाबतीत त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने हरकत लिहिली. हरकती कौन्सिल सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवतं, नावानिशी, पत्त्यानिशी. लोर्नाने त्या आपल्या फोनवर वडिलांना दाखवल्या. "मी स्टार्की कुटुंबाचा जुना स्नेही आहे," डेझमंडने लिहिलं होतं, "आणि अत्यंत जड अंतःकरणाने…" पुढे दोन पानं. क्लिफने ती सगळी वाचली. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी गाठ पडली तेव्हा डेझमंडने हवेबद्दल विचारलं आणि क्लिफने हवेबद्दल सांगितलं.

जागा बघायला अधिकारीण येणार असं पत्र आलं, आणि तिथून क्लिफच्या अंगात वारं शिरलं. घरी कोणी येणार म्हटल्यावर बाग तशीच ठेवायची, ही गोष्ट त्याच्या बुद्धीला शिवणंच शक्य नव्हतं. त्याने हिरवळ आडवी कापली, मग उभी कापली. कडा दोरी लावून कापल्या. ओढ्याकडच्या बाकाला नवा हिरवा रंग दिला. दगडी पायवाटेच्या फटींतलं शेवाळ जुन्या सुरीने खरवडलं. झुडपांचं कुंपण छाटताना शिडीवर चढून त्याने माथा पाणसळीने तपासला, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

एव्हिस काठी टेकत दारात आली. "जे उकरायचंय ते कापतोस कशाला?"

"कौन्सिलची बाई येणार. काय म्हणेल ती?"

"म्हणेल, इथे घर बांधायला जागा आहे."

"आणि आपण गबाळे आहोत असंही म्हणेल. गबाळ्या माणसाला कोण परवानगी देतं?"

 एव्हिसलाही मनातून ते पटलं असावं, कारण त्याच संध्याकाळी तिने वाळकी फुलं खुडून टाकली आणि लिंबाचा केक करायला घेतला.

अधिकारीण आली ती तिशीतली, मिस हॅलम नावाची, पायात रबरी बूट आणि हातात कॅमेरा. जून महिना, आभाळ निवळलेलं, गुलाब भरात. बाजूच्या वाटेने ती मागे आली आणि तिथेच उभी राहिली. "बाप रे," ती हळूच म्हणाली. "मिस्टर स्टार्की, हे सगळं तुम्ही राखता?"

बस. तिथे क्लिफ घर विसरला. जन्मभर भिंती केल्या, त्यांच्यावर लोकांनी वॉलपेपर चिकटवले. कौतुक करावं असं त्याच्या हातचं हे एवढंच शिल्लक होतं. त्याने तिला हिरवळीवरून फिरवलं, बारशाचा गुलाब दाखवला, ओढ्याकाठच्या बाकावर बसवलं, आणि स्वतः उभा राहून सांगत सुटला. "इथे बसलं ना मिस, की रस्ता आहे हे विसरायला होतं. मधमाश्यांशिवाय दुसरा आवाज नाही. लेनमधली माणसं रविवारी खास इथे येऊन बसतात." तिने तेही टिपून घेतलं. बाईने केक खाल्ला, फुलं मात्र नियमात बसत नाहीत म्हणून घेतली नाहीत. ती गेल्यावर क्लिफने एव्हिसला कमरेला धरून स्वयंपाकघरात अर्धी गिरकी मारायला लावली. "झालं काम," तो म्हणाला. "तिला इथून निघवत नव्हतं."

मग वाट बघणं सुरू झालं. टपाल येतं दहाच्या सुमाराला, आणि हा आठपासून फाटकाशी. फाटकाची कडी काढून घासली, परत बसवली, परत काढली. दुपारी लोर्नाच्या घरी जाऊन तिथल्या नळाला हात घालायचा. लोर्ना म्हणायची, "डॅड, बसा जरा. तुम्ही आलात की मलाच धाप लागते." पण तीही मधेच खिडकीशी जाऊन उगाच रस्ता बघून यायची.

उत्तर आलं. परवानगी नाकारली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच त्याने ते वाचलं. कारणं दोन-तीन होती. बाजूच्या वाटेने गाड्या गेल्या तर शेजाऱ्यांना त्रास. एकाला दिली तर उद्या सगळेच आपापल्या परसात घरं मागतील. पण मुख्य कारण वेगळं होतं. चॅपल लेनच्या मागची परसं ही गावातली शांत, हिरवी, जिवापाड जपलेली जागा आहे, आणि अर्जदाराचं परस तर त्यातलं सर्वांत सुंदर. तिथे घर उठलं तर हे सगळं कायमचं बिघडेल. सोबत त्याच्या बागेचे फोटो जोडले होते, आडव्या-उभ्या कापलेल्या हिरवळीचे. आणि खाली लिहिलं होतं: अर्जदाराने स्वतःच पाहणीच्या वेळी सांगितल्याप्रमाणे, येथे मधमाश्यांशिवाय दुसरा आवाज येत नाही.

"बघू," म्हणून एव्हिसने कागद घेतला. वाचून खाली ठेवला आणि ती चहाचं पाणी ठेवायला उठली. तिने त्याला शब्दाने दुखावलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दोन दिवस तो डेझमंडच्या नावाने बोटं मोडत हिंडला. तिसऱ्या दिवशी पबमध्ये केनीने त्याला सरळ केलं. "डेझमंडला कशाला शिव्या घालतोस? त्याची हरकत दोन पानांची. तुझी अख्ख्या परसाची. अरे गाढवा, तू झाडून-पुसून दाखवलंस?"

"मग काय घाण दाखवू?"

"हो. मिल रोडवर त्या बिल्डरने काय केलं आठव. आधी हिवाळ्यात झाडं पाडली. मग दोन वर्षं काटेरी रान माजू दिलं. एक मोडकी व्हॅन आणून टाकली, एक सोफा. उंदीर झाले. शेवटी शेजारीच कौन्सिलच्या पाया पडले की काहीतरी बांधा बाबांनो तिथे. आता चार घरं आहेत." केनीने ग्लास खाली ठेवला. "तू परत अर्ज कर. घर लहान दाखव. आणि त्या बागेला हात लावू नकोस. खिशात घाल हात, शिवून टाक खिसे."

दुसरा अर्ज गेला. लोर्नाने गॅरेथला कसंबसं थोपवलं, "एकदा निकाल येऊ दे, मग तू म्हणशील तिकडे." आणि क्लिफच्या वाट्याला आयुष्यातली सगळ्यांत अवघड मजुरी आली: काही न करणं.

जुलैत गवत घोट्याला लागलं, ऑगस्टमध्ये गुडघ्याला. दगडांच्या फटींतून पिवळी फुलं वर आली, खाजकुयलीसारखं झोंबणारं रान कुंपणाशी माजलं, रानवेल गुलाबांच्या गळ्यापर्यंत चढली. क्लिफचे हात शिवशिवायचे. मागच्या खिडकीशी उभा राहायचा आणि एकदम वळून पुढच्या दाराने बाहेर पडायचा. चर्चचं रेलिंग त्याने कुणी न सांगता रंगवलं. बसथांब्याच्या शेडची कौलं बसवली. एका विधवेच्या घरचं न बिघडलेलं धुराडं साफ केलं. घरी आला की पुन्हा ते गवत समोर. झोपेत त्याचे हात पांघरुणावर उभे-आडवे चालतात, असं एव्हिसनेच सांगितलं. तिचं दुःख वेगळंच होतं. ती मागच्या खोलीत विणकाम घेऊन बसायची, पण खुर्ची आता भिंतीकडे वळवलेली असायची.

"एक फांदी तरी सोडवू का त्या गुलाबाची?" त्याने एकदा विचारलं.

"नको," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "सोडवायला गेलास की कापायला लागशील. मी ओळखते तुला."

लेनमध्ये याचा अर्थ भलताच लागला. बांधायला मिळालं नाही म्हणून स्टार्की मुद्दाम रान माजवतोय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे माणूस दुसऱ्या घराशी दगाबाजी करेल, पण आपल्या हिरवळीशी करत नाही. सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याने हाय खाल्ली. मग दारात जेवणाची झाकलेली भांडी येऊन बसू लागली. डेझमंडची बायको फिलिस मूठभर बीन्स ठेवून गेली, "जास्त झाल्या होत्या" अशी चिठ्ठी लावून. दुसऱ्या अर्जावरची डेझमंडची हरकत त्याच आठवड्यात गेली होती. अंतःकरण याही वेळी जडच होतं.

सप्टेंबर लागला आणि सगळं एकदमच आलं. मिस हॅलम गुरुवारी सकाळी पाहणीला येणार. आणि एव्हिसला, दीड वर्ष वाट बघून, कंबरेचा सांधा बदलायच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयाचं बोलावणं, ते त्याच आठवड्यातल्या मंगळवारचं. क्लिफ मंगळवारी आणि बुधवारी तिच्या पलंगाशी होता, म्हणजे पलंगाच्या आजूबाजूला होता. ऑपरेशन नीट पार पडलं. शेजारच्या पलंगाचं चाक अडत होतं ते याने सोडवून दिलं, तेव्हा नर्स म्हणाली, "मिस्टर स्टार्की, आता घरी जा बरं. त्यांच्यापेक्षा तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे."

"उद्या काय ते कळेल," निघताना तो एव्हिसला म्हणाला. "बाईने ते रान बघितलं ना, तर ती स्वतः विटा आणून देईल."

एव्हिस औषधाच्या गुंगीत हसली. "काही करू नकोस," ती म्हणाली. "एक रात्र. काही करू नकोस."

तो घरी पोहोचला तेव्हा ऊन अजून ओढ्यापलीकडच्या झाडांवर होतं. बाजूच्या वाटेनेच त्याला ताज्या कापलेल्या गवताचा वास आला. कुणाकडे तरी कापलंय, असं म्हणत तो मागे वळला.

हिरवळ कापलेली होती. उभी आणि आडवी. कडा त्याच्याइतक्या नसल्या तरी सरळ होत्या. रानवेल गुलाबांवरून सोडवून घेतलेली, झोंबणारं रान उपटून ओढ्याशी नीट ढीग लावलेला. बाक ओला हिरवा चकचकीत, आणि त्यावर डेझमंडच्या सुरेख अक्षरांत कागद: "ओला रंग." दाराच्या पायरीवर एक केक, आणि चिठ्ठीवर पाच-सहा घरांच्या सह्या. "एव्हिस घरी येईल तेव्हा तिला सगळं नेहमीसारखं दिसावं म्हणून. कृपया आभार मानू नका."

क्लिफ मटकन पायरीवर बसला. आधी त्याला वाटलं, हा डाव आहे, डेझमंडला पाहणीची तारीख कळली असणार. पण तारीख कौन्सिल फक्त अर्जदाराला कळवतं. आणि कुंपणापलीकडे फिलिसचा आवाज येत होता, "दाखव इकडे तो हात. या वयात मशीन ढकलायचं म्हणजे काय, डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?" डाव असता तर बरं झालं असतं. डाव असता तर रागावता आलं असतं. हे नुसतं चांगुलपण होतं, आणि त्याच्यावर माणसाने उगारायचं काय?

तो ताडकन उठला. शेडमधून सरळ पात्याचं फावडं घेतलं. अजून उजेड होता. हिरवळीची चार-सहा ठिकाणी चाळण करायची, बाक ओढ्यात ढकलून द्यायचा, गुलाब… गुलाब राहू दे, पण हिरवळ तरी. सकाळी बाईला दिसला पाहिजे तो उकिरडा. लोर्ना त्या एका गोष्टीवर थांबलीय. हिरवळीच्या मधोमध जाऊन त्याने फावडं रोवलं आणि वर पाय ठेवला. 

"काही राहिलं का रे, क्लिफ?"

कुंपणावर डेझमंडचं डोकं होतं. हाताला रुमाल गुंडाळलेला, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाची भीती. "माझा हात काही तुझ्यासारखा नाही. ओढ्याकडची कड वाकडी गेलीय, मला दिसलं ते. एव्हिस कशी आहे?"

क्लिफने तोंड उघडलं. जे बोलायचं होतं ते जिभेच्या टोकावर होतं, आणि सत्तर वर्षांची सवय त्याच्या आधी बाहेर आली.

"बरी आहे," तो म्हणाला. "फार केलंत तुम्ही लोकांनी. फारच. मी आपलं… ती कडच बघत होतो."

आणि डेझमंड बघत होता म्हणून तो फावडं घेऊन ओढ्याकडे गेला आणि त्याने ती वाकडी कड सरळ केली. एकदा हात लागल्यावर मग हात थांबेनात. अंधार पडेपर्यंत त्याने बाकीच्याही कडा काढल्या. रडत होता की नाही ते डेझमंडला दिसलं नसावं.

सकाळी मिस हॅलम आली, बाजूच्या वाटेने मागे वळली आणि म्हणाली, "अहाहा. मला वाटलं होतं, जूनमध्येच असं असेल."

दुसरा नकार पहिल्यापेक्षा लहान होता. पुन्हा पाहणी करूनही मत बदलण्यासारखं काही आढळलं नाही, असं त्यात होतं. वरती अपील करता येतं, पण त्याला महिने लागतात, आणि गॅरेथकडे महिने नव्हते. त्याने भावाला फोन केला.

एव्हिस घरी आली तेव्हा नव्या कंबरेने हळूहळू चालत मागच्या खोलीत गेली आणि तिने स्वतःच्या हाताने खुर्ची खिडकीकडे वळवली.  "राहवलं नाही ना तुला," ती म्हणाली. क्लिफने तिला खरं काय ते सांगितलं, शेवटच्या कडांसकट. ती म्हणाली, "मी तिथे असते तर केक कापून सगळ्यांना चहाला बोलावलं असतं. तुझ्या हातात निदान फावडं तरी आलं." मग ती रडली, आणि रडता रडता गुलाबाकडे बघत राहिली. तो तिच्या शेजारी बसला. चांगला वेळ बसला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सामानाची गाडी पुढे गेली आणि मागून लोर्नाची गाडी लेनमध्ये निरोपापुरती थांबली. मुलींच्या मांडीवर जॅमच्या बरणीत आजीची डेलियाची फुलं. लोर्नाने बापाला घट्ट धरलं आणि म्हणाली, "डॅड, येत जा. तिकडचं घर जुनं आहे. दारं करकरतात."

"येतो," तो म्हणाला. 

गाडी वळली. एव्हिस काठी टेकत आत गेली. क्लिफ फाटकाशीच राहिला, कडी वर-खाली करत. कडीला काही झालेलं नव्हतं. डेझमंड कुत्र्याला फिरवून परत येत होता, तो थांबला.

"गेली का?"

"गेली."

"वाईट वाटतं रे," डेझमंड म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तरण्या पोरांना ह्या गावात राहायची सोयच उरली नाही बघ. कुणीतरी त्यांच्यासाठी घरं बांधायला हवीत."

क्लिफचा हात कडीवर थांबला.

"मी बांधत होतो, डेझमंड. दोनदा. दोन्ही वेळा तू हरकत लिहिलीस."

चॅपल लेनमध्ये असं कुणी कुणाला तोंडावर बोललेलं कुणाच्या आठवणीत नाही. डेझमंड कानापर्यंत लाल झाला. त्याने कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याने त्याच्याकडे.

"ते लोर्नाविरुद्ध नव्हतं रे," तो शेवटी म्हणाला. "तू तसं मनात आणू नकोस. ते परसासाठी होतं. अख्ख्या लेनमध्ये तसं परस नाही, क्लिफ."

"ठाऊक आहे," क्लिफ म्हणाला. "मीच राखलंय ते."